आक्का, तुझा चष्मा अजून बाकी हाय

आक्का, आधीच सांगून ठेवतो, मी रागात हाय. तू गेलीस त्याला आज सतरा दिवस झाले. दहाव्याला लोकं आली, बाराव्याला आली, तुझ्याबद्दल गोड गोड बोलली, जेवली आणि गेली. मी कोपऱ्यात बसून वालाचं बिरडं खाल्लं, दोनदा मागून घेतलं, आणि एक शब्द बोललो नाय. लोकांना वाटलं, भाऊ दुःखात हाय. खरं म्हणजे मला तोंड उघडायचंच भ्या वाटत होतं. उघडलं असतं तर पहिला शब्द ‘फ्लेक्स’ निघाला असता. सख्ख्या बहिणीच्या बाराव्याला भाऊ फ्लेक्सवरून भांडतोय, असला तमाशा पेण तालुक्यात झाला नसता.

दुसरा राग त्याहून मोठा हाय. तू गेलीस ती माझ्या धंद्याचं तोंड घेऊन गेलीस. हात माझ्याकडं राहिले. हाताला रंगवता येतं, रेट सांगता येत नाय. पुढच्या वैशाखात ‘पेंटर, भिंतीचे किती घेणार’ असं कुणी विचारलं की मी काय करू, ते सांगून जायचं होतंस. मला तर एकच उत्तर येतं, आणि त्या उत्तरानं काय झालं होतं ते तुझ्याइतकं कुणाला माहीत नाय. चारचौघांत सांगायची संधी तू कधी सोडली नायस. आता तू नायस तर मीच सांगतो. माझी नाचक्की निदान माझ्या हातानं होऊ दे.

रोह्यात कंपनीमधे ठेकेदाराच्या हाताखाली मी पिवळे पट्टे मारायचो. जमिनीवर. इथून चाला, इथं थांबा, इथं डोकं सांभाळा. एक दिवस ठेकेदार बोलला, पट्टा वाकडा झालाय. मी बोललो, शिफ्ट सुटल्यावर माणसं तरी कुठं सरळ चालतात. झालं. घरी येऊन मी सांगितलं, नोकरी सोडली, आता स्वतःचा धंदा. तू फोनवर एवढंच विचारलंस, “सोडली का सुटली?” मी बोललो, रेंज नाय, आणि फोन ठेवला.

धंदा म्हणजे लग्नघराच्या भिंती. मी चौथीत नापास, मला वाचायला वेळ लागतो, पण अक्षर काढायला लागत नाय. मधे गणपती, खाली नवरानवरीचं नाव, दोन बाजूला केळीचे खांब, आणि दाराच्या अलीकडं एक, पलीकडं एक असे दोन भालदार. डोक्याला फेटा, हातात भाला, ओठावर या कानापासून त्या कानापर्यंत मिशी. माझ्या भालदाराची मिशी बघून लोकं खरोखरची मिशी पिळायचे. तेवढी एक गोष्ट मला बरी येते असं तू एकदाच बोलली होतीस, आणि पुढं लगेच बोललीस, “तीच मिशी जरा स्वतःला लाव.”

कारण लोकं विचारायचे, पेंटर किती घेणार, आणि मी खाली बघून बोलायचो, “तुमच्या मनाला येईल ते द्या.”

आता लग्नघरात माणसाच्या मनाला काय येतं? टॉवेल-टोपी येते. पेंटर म्हणजे घरचाच, मग घरच्याला पैसे देऊन परका कसा करायचा? मांडवात मला पाटावर बसवायचे, कुंकू लावायचे, खांद्यावर टॉवेल, डोक्याला टोपी, हातात नारळ. कुणी फारच खूश झाला तर पिशवीभर कडवे वाल. मी मान डोलवायचो. नवरदेवाच्या काकाला जे मिळायचं तेच मला. फरक एवढाच की काका तीन दिवस उन्हात शिडीवर उभा नव्हता.

पहिला वैशाख संपला तेव्हा तू रोह्याजवळ वरश्याला माझ्या खोलीवर आलीस. कॉटवर थप्पी बघितलीस.

“हे काय रं?”

“कमाई.”

“टॉवेलची?”

“टोप्या पण हायत. आत हायत.”

तू खाली बसलीस. हसशील असं वाटलं होतं. तू विचारलंस, रंगवाल्याचं किती बाकी हाय? मी बोललो, तो ओळखीचा हाय. तू बोललीस, “ओळखीचा हाय हे मला माहीत हाय, पैसे कशानं देणार? टोपी घालून जाणार काय त्याच्या दुकानात?” तुला आजपर्यंत सांगितलं नाय, मी खरंच गेलो होतो गो. वाटलं, जरा भारदस्त दिसेन, महिनाभर थांबेल. तो गल्ल्यावरून बोलला, “या, या. कुणाचं लग्न?”

त्याच दिवशी मॅडम जन्माला आली. मी वाल सोलत बसलो होतो आणि फोन वाजला. खांब गावचा माणूस होता, मुलाचं लग्न. मी ओले हात पुसेपर्यंत तू फोन उचललास, आणि तुझा आवाज बदलला. बारशाला, बारीक भांडणाला, गटाच्या मीटिंगला, सगळीकडं तुझा आवाज मी ऐकलेला. हा आवाज कुठून आणलास कुणास ठाऊक. साडी नेसून खुर्चीवर बसलेला आवाज.

“नमस्कार. पेंटरच्या ऑफिसमधून बोलते आहे.”

पलीकडून, “पेंटर हाय काय?”

“पेंटर साईटवर आहेत. मी मॅडम बोलते आहे. आपलं काम काय होतं?”

पेंटर तुझ्यासमोर फतकल मारून वालाची सालं काढत होता. तू मला विचारलं पण नायस. “एका भिंतीचे चार हजार. अर्धे आगाऊ, अर्धे काम झाल्यावर.” आणि गप्प बसलीस. मी हात हलवले, बोटं दाखवली, तीन, दोन, असू दे, जाऊ दे. तू सालांची मूठ उचलून माझ्या तोंडावर मारलीस. पलीकडचा माणूस खोकला. तू गप्प. तो बोलला, “जरा जास्तच वाटतात.” तू गप्प. शेवटी तो बोलला, “बरं मॅडम.”

मला आयुष्यात कुणी नुसतं ‘बरं’ पण बोललं नव्हतं.

फोन ठेवून तू मला शिकवलंस, बचतगटात बारा बायकांना शिकवायचीस तसं, बोट नाचवत. “रेट सांगितला की तोंड बंद. पहिला जो बोलेल त्याचं नुकसान. तू रेट सांगतोस आणि तूच घासाघीस करतोस. समोरच्याला काय कामच ठेवत नायस.” मी बोललो, गप्प बसणं मला जमत नाय. तू बोललीस, “माहीत हाय. लहानपणापासून ऐकतेय.”

मग तू नवीन सिम घेतलंस, फोन तुझ्याकडं पेणला, आणि प्रत्येक भिंतीच्या खाली कोपऱ्यात मी माझ्या हातानं तुझा नंबर लिहायचा. मला कामाचा फोन येणं बंद झालं. तुझा यायचा, “उद्या निडी गावाला. नवरी पूजा, नवरा स्वप्निल. आगाऊ आलेत. चहा पी, जेवू नको, जेवलास की पाघळतोस.” लोकं मला विचारायचे, मॅडम कुठं बसतात? मी बोलायचो, हेड ऑफिसला. कुणी विचारायचे, फार कडक हायत काय? तेव्हा मात्र मी मनापासून बोलायचो, व्हय.

निडीचंच लग्न ना ते. आगाऊ तू आणलेस, पण बाकीचे आणायची जबाबदारी माझी, आणि मी काय आणलं? टॉवेल. नवरीचा बाप बोलला, लग्न होऊ दे, मग देतो. लग्न झालं, मग बोलला, पाहुणे जाऊ दे. पाहुणे गेले, मग त्यालाच बघून मला दया यायला लागली. तू फोनवर ओरडली नायस. ओरडायचीस तेव्हा बरं असायचं. हळू आवाजात बोललीस, “पुढच्या भिंतीपासून मिशी शेवटी.”

“म्हणजे?”

“म्हणजे सगळं रंगव. भालदार उभे कर, फेटा, भाला, मोजडी सगळं कर. मिशी काढायची नाय. बाकी हातात पडली की मिशी.”

“अगो, बिनमिशीचा भालदार कसा दिसेल माहीत हाय काय? फेटा बांधलेल्या आत्यासारखा.”

“दिसू दे.”

आणि खरंच तसाच दिसला. दाराच्या दोन अंगाला दोन आत्या भाले घेऊन उभ्या. घरातले येता-जाता बघायला लागले, पोरं खिदळायला लागली. यजमान माझ्याकडं आला. “पेंटर, मिशा राहिल्या.” मी फक्त बोललो, मॅडमनी सांगितलंय. त्यानं घड्याळ बघितलं. चारला वऱ्हाड यायचं होतं. आत गेला, पाकीट आणलं, माझ्या हातावर ठेवलं आणि बोलला, “काढ बाबा आता.” माझा हात एवढा थरथरत होता की एकाची मिशी वर गेली, एकाची खाली आली. लोकांना वाटलं मुद्दाम हाय, एक भालदार आनंदात, एक नवरीच्या बाजूचा. पुढच्या तीन घरांनी तशीच मागितली. माझ्या थरथरण्याचे पण तू पैसे लावलेस. मला मिशीवाला पेंटर बोलायला लागले. मला स्वतःला अजून धड मिशी येत नाय.

हे सगळं खरं हाय, तुझ्यामुळं झालं, आणि त्याचाच मला राग येतो. तू कधी विचारून काय केलंस? माझ्या खोलीत येऊन तीन डबे मांडलेस. एक घरचा, एक रंगाचा, एक मॅडमचा. घरच्या डब्यातून रंग आणायचा नाय, रंगाच्या डब्यातून मटण आणायचं नाय. वैशाली माझी बायको, पण डब्यांच्या बाबतीत ती तुझी हेर. एकदा मी रंगाच्या डब्यातून शंभर घेतले तर तुझा फोन माझ्या आधी घरी पोचला. “ब्रश काय भावानं मिळतात रं हल्ली, रश्शासकट?”

आणि मॅडमचा डबा. दर भिंतीमागं चारशे. मी विचारलं, हे कशाचे? “पगार.” बहिणीला पगार? “बहीण फुकट हाय. मॅडमला पगार हाय.” पहिल्या पगाराचा तू चष्मा केलास. सोनेरी काड्यांचा. तो नाकाच्या टोकावर ठेवून वरून माझ्याकडं बघायचीस आणि माझ्या वहीत चूक काढायचीस. माझ्या पैशाचा चष्मा, माझ्याच चुका. गटाच्या बायकांना सांगायचीस, “हा चष्मा आमच्या शांत्याच्या मिशांवर झालाय.” त्या हसायच्या, मी पण हसायचो. मी हसतो तेव्हा मला लागत नाय असं सगळ्यांना वाटतं. तुला पण वाटायचं काय? हे विचारायचं राहिलं.

आता फ्लेक्सचं बोलतो.

पल्लवीचं लग्न ठरलं. माझी एकुलती एक भाची. तिच्या बारशाला मी पाळण्यावर पोपट रंगवले होते, त्यातला एक अजून उडालेला नाय. चैत्रात तुझा फोन आला. आणि फोन आक्काचा नव्हता, मॅडमचा होता.

“नमस्कार. एक भिंत रंगवायची आहे. रेट सांगा.”

मी हसलो. “काय गो आक्का.”

“रेट सांगा.”

“भाचीचं लग्न हाय. पैसे कसले? मी मामा हाय.”

तेव्हा तुझा आवाज परत आपला झाला. “मामाला टॉवेल-टोपी मिळेल. पेंटरला पैसे मिळतील. तू कोण म्हणून येणार ते सांग.”

“मामा म्हणून.”

“मग पेंटर दुसरा बघते. शांत्या, एकदा सांग. तुझ्या तोंडानं एकदा आकडा सांग, मी आत्ता देते. मला सांगता आला नाय तर जगात कुणाला सांगशील?”

मी बोललो, बहिणीकडून पैसे घ्यायला मी काय सावकार हाय काय. तू बोललीस, सावकाराला निदान आकडा येतो. मग मी जे बोललो ते इथं परत बोलत नाय. तुझ्या चष्म्याबद्दल होतं, आणि कुणाच्या जिवावर मॅडम झालीस त्याबद्दल होतं. तू ऐकून घेतलंस आणि गप्प बसलीस. रेट सांगितल्यावर बसायचीस तशी. मीच पहिला बोललो. बोललो, नको तर नको, आणि ठेवला.

लग्नाच्या दिवशी आलो तर भिंतीवर फ्लेक्स. बदामाचे आकार, मधे नवऱ्या पोराचा गॉगल घातलेला फोटो, गुलाबाची फुलं, जी कुठल्या झाडाला येत नायत. मिशीवाल्या पेंटरच्या सख्ख्या बहिणीच्या दारात. जो भेटेल तो विचारतोय, “पेंटर, तुमचं काय बिनसलं काय?” मी बोलायचो, मॅडमनी टेंडर काढलं होतं, मी पडलो. लोकं हसले. मी भाचीच्या मागं मामा म्हणून उभा राहिलो, अंगावर अक्षता पडल्या, आणि तू मला पाटावर बसवून टॉवेल-टोपी दिलीस. स्वतःच्या हातानं. कुंकू लावताना माझ्याकडं बघितलं नायस. मी पण नाय बघितलं. तो टॉवेल मी थप्पीवर सगळ्यात वर ठेवला, येता-जाता राग यावा म्हणून.

मग आषाढात तू आलीस. खिडकीतून तुला गल्लीत वळताना बघितलं आणि मी संडासात जाऊन बसलो. वैशालीनं सांगितलं, ते बाहेर गेलेत. तू पाऊण तास बसलीस, आक्का. माझे पाय मेले. बाहेर तू वैशालीला पल्लवीचं सांगत होतीस, चहा पीत होतीस, आणि जाताना मुद्दाम संडासाच्या दारासमोर उभी राहून मोठ्यानं बोललीस, “साईटवरून आला की सांग, दाराला पिशवी लावलीय.”

पिशवीत मॅडमचा फोन होता. चार्जरसकट. चिठ्ठी नाय, काय नाय. मी बोललो, घ्या, धंदा पण तोंडावर फेकला. फोन बंद केला आणि टॉवेलांच्या थप्पीखाली सारला. तुला फोन करणार होतो, गणपती झाल्यावर. गणपतीत करणार होतो, पण बोललो, तिनं करू दे आधी. पहिला जो बोलेल त्याचं नुकसान, तूच शिकवलंस. मग ताप आला तुला, आणि चौथ्या दिवशी दाजींचा फोन आला.

एवढं मी कधी गप्प बसलो नव्हतो, आणि बसलो ते कुठं बघ.

दहाव्याला दाजी मला बाहेर घेऊन आले. फ्लेक्स कधीच काढलेला होता, खिळे राहिले होते. भिंत पांढरीशुभ्र. दाजी बोलले, “तिनं चुना मारून घेतला होता, दोन हात. मी बोललो, फ्लेक्सला चुना कशाला? बोलली, असू दे. आठ दिवस थांबली होती. मग बाजारात जाऊन तो छापून आणला.” मी बोललो, असं काय, मला माहीत नव्हतं.

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी वैशालीनं थप्पीखालचा फोन काढून चार्जिंगला लावला. मला न विचारता. तुझ्या हाताखाली तयार झालेली बाई. सकाळी तो वाजला. तो आवाज ऐकून मी आधी इकडं-तिकडं बघितलं, तू उचलशील म्हणून.

“हॅलो,” मी बोललो.

“कोण, शांत्या? मंदावहिनी बोलतेय.” तुमच्या गटाची अध्यक्ष. “भिंतीवर हाच नंबर हाय तुझा म्हणून यावर केला. अरे, आम्ही ठरवलंय, गटाच्या खोलीत सुमनचं चित्र काढायचं. फोटोवरनं. खाली नाव. तुझ्याशिवाय कोण काढणार?” आणि मग, “किती घेशील?”

तोंडात आलंच होतं. तुमच्या मनाला येईल ते द्या. जिभेच्या टोकावर, सवयीनं. आणि या वेळी तर बोलायला कारण पण होतं. बहिणीचं चित्र, बहीण जाऊन बारा दिवस झालेत, कोण पैसे घेतो? आणि घेतले नाय तर मला माहीत होतं काय होणार. आज तुझ्या नावानं सोडले, उद्या नवरीच्या बापाच्या तोंडाकडं बघून सोडणार, आणि वैशाखापर्यंत परत कंपनीच्या गेटवर, पिवळा डबा हातात.

“पाच हजार,” मी बोललो. “अर्धे आगाऊ.”

मंदावहिनी काय बोलेना. एक. दोन. माझी जीभ वळवळायला लागली. साडेचार बोलू काय. चार बोलू काय. काय नको बोलू काय. हाताला थप्पी लागली, वरचा टॉवेल ओढला आणि तोंडात कोंबला. तुझा टॉवेल, पल्लवीच्या लग्नातला. दातांनी घट्ट धरला.

“सुमनच्या चित्राला पण पैसे?” मंदावहिनी बोलली. “सख्खी बहीण ना रं तुझी?”

मी टॉवेल चावला.

“तिनं गटासाठी किती केलं, आणि तू सख्खा भाऊ. लोकं काय बोलतील?”

अजून चावला. डोळ्यांतून पाणी आलं, टॉवेलच्या दोऱ्यामुळं असेल.

“हॅलो? आवाज येत नाय. लाईन गेली काय?”

वैशाली दारात उभी राहून बघत होती. नवरा सकाळी सकाळी टॉवेल खातोय. शेवटी पलीकडून मोठा श्वास आला. “बरं,” मंदावहिनी बोलली. “उद्या अडीच पाठवते. बाकीचे शनिवारी मीटिंगला सगळ्यांकडून जमा करून.”

मी टॉवेल काढून बोललो, “बरं वहिनी.” फोन ठेवला आणि तुला शिव्या दिल्या. मोठमोठ्यानं. वैशालीनं दार लावून घेतलं.

अडीच हजार आले. रंगाचे रंगाच्या डब्यात गेले, घरचे घरच्या डब्यात. मॅडमच्या डब्यासमोर मी बराच वेळ उभा होतो. पगार टाकला. कुणाला देणार ते माहीत नाय, पण नाय टाकला तर तू सोडणार नायस.

चार दिवस तुमच्या गटाच्या खोलीत काम केलं. चांगली आलीयस. थोडी रागीट आलीयस, पण बायका बोलल्या, अशीच होती. पदर, कुंकू, हातात वही, खाली नाव. आज शुक्रवार. सगळं झालंय. फक्त चष्मा रंगवलेला नाय. मंदावहिनी आज येऊन बघून गेली, बोलली, “अरे, चष्म्याशिवाय ही सुमन वाटतच नाय. चष्मा राहिला.” मी बोललो, बाकी राहिली. तिला आधी हसू आलं, मग हसता हसता तिनं पदर डोळ्याला लावला आणि निघून गेली.

आता खोलीत आपण दोघंच हाव, आणि आज तुला नीट दिसत नाय. म्हणून एवढं बोलून घेतलं. आणि एक राहिलंय. दाजींना मी खोटं बोललो. चुना मला लग्नाच्या दिवशीच दिसला होता. मी पेंटर हाय गो, भाचीच्या मागं उभा होतो, फ्लेक्सच्या कडेला चार बोटं ताजा चुना दिसत होता, दोन हाताचा, घासून सपाट केलेला, जसा मला लागतो तसा. तू माझ्यासाठी भिंत तयार करून ठेवली होतीस. आकडा ऐकायला थांबली होतीस. मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी महिनोनमहिने रागात राहिलो, कारण राग धरायला सोपा होता आणि आकडा सांगायला अवघड.

अजून रागातच हाय. सांगायला आषाढात आली होतीस तर दार वाजवायचं होतंस. संडासाचा कडी-कोयंडा काय भक्कम नव्हता.

उद्या बाकी आली की चष्मा घालतो. सोनेरी काड्यांचा, नाकाच्या टोकावर. मग बघ माझ्याकडं वरून, जसं बघायचीस तसं, काढ काय चुका काढायच्या त्या. आणि बायकांनी पैसे नाय आणले, तर बस तशीच, बिनचष्म्याची. नियम तुझाच हाय.